शेवटच्या दिवशीचा कागद

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या गल्लीतली एक मुलगी नोकरीचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. मी हिशेबाचं काम करते हे वडगावातल्या आजूबाजूच्या घरांना ठाऊक आहे, त्यामुळे बँकेचा नाहीतर नोकरीचा कागद भरायचा असला की पोरं येतात. हिने दोन वर्षं एका खासगी हॉस्पिटलात बिलिंग काउंटरवर काम केलं आणि दिवाळीनंतर सोडलं. अजून फोन वाजला की दचकते, असं तिची आई मला सांगत होती. फॉर्मच्या शेवटच्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "काकू, इथं आपल्याबद्दल सांगतील अशा दोन माणसांची नावं नि नंबर मागितल्यात. पहिल्या साहेबांचं नाव घातलं तर ते वाईट सांगणार. नाही घातलं तर हे विचारणार, का नाही घातलं म्हणून. काय करूया?"

हाच रकाना 2023 मध्ये माझ्यापुढे होता आणि मला विचारायला कुणी नव्हतं. त्या मुलीला मी जे सांगितलं ते आपल्या दैनिकातून आणखी चार जणांपर्यंत जावं, आणि दोन गोष्टी आपल्या भागातल्या कारखानदारांच्याही कानावर पडाव्यात, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी 2016 ते 2023 अशी सात वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्याच्या, ऑफिसात अकाउंट्स आणि डिस्पॅच बघत होते. फौंड्रीचं नाव लिहीत नाही; माझ्याबरोबर डबा खाल्लेली माणसं अजून तिथं पोटासाठी राबतात. कामाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांची खाती नव्याने बसवताना मी जे शिकले ते बी.कॉम.च्या तीन वर्षांत शिकले नव्हते. मालकही कामात हुशार माणूस. कास्टिंग, म्हणजे ओतून काढलेला भाग, हातात घेऊन वजन सांगायचे आणि काट्यावर घातलं तर पाव किलोचाही फरक निघायचा नाही. कॉस्टिंग, म्हणजे मालाचा खर्च काढणं, मी त्यांच्याकडूनच शिकले, हे नाकारणार नाही.

पण त्या ऑफिसात माणसाला माणूस म्हणून किंमत नव्हती. रात्री साडेअकराला फोन यायचा आणि उचलला नाही तर सकाळी लोडिंगच्या पोरांदेखत फाइल अंगावर यायची. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन दिवसांची रजा मागितली, तर "तुझ्या आईला तू एकटीच आहेस काय?" असं विचारलं आणि वर पगार कापला. रुजू होताना माझं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं मूळ मार्क्स कार्ड ठेवून घेतलं होतं, ते सात वर्षं त्यांच्या कपाटात राहिलं. शेवटच्या दोन वर्षांत मला झोपेची गोळी घ्यावी लागत होती. याहून जास्त त्या दिवसांबद्दल लिहीत नाही. ज्यांनी असं ऑफिस पाहिलं आहे त्यांना एवढं पुरे.

शेवटच्या दिवशी घडलं ते मात्र लिहिते. ऑफिसात टायपिंग करणारे एक वयस्कर क्लार्क होते, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. अण्णांनी लेटरहेडवर चार ओळी इंग्रजीत टाइप करून आणल्या. नाव, हुद्दा, कधीपासून कधीपर्यंत काम केलं, आणि शेवटची ओळ, की या काळात यांचं काम आणि वागणूक चांगली होती. मालकांनी कागद समोर ठेवला. खणातून फूटपट्टी काढली. शेवटच्या ओळीवर पट्टी धरून लाल पेनने एक सरळ रेघ ओढली. मग खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला. ओळ वाचता येत होती, आणि ती मालकाने खोडली आहे हेही दिसत होतं. अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे होते.

ते पत्र कुणाला दाखवणार? पत्र नसतं तर निदान "अजून दिलं नाही" असं तरी म्हणता आलं असतं.

पहिली मुलाखत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत झाली. नोकरी का सोडली असं विचारल्यावर माझा बांध फुटला. फाइल, रात्रीचे फोन, आईचं ऑपरेशन, सगळं मी त्या अनोळखी माणसापुढे वीस मिनिटं सांगत बसले. त्यात एक शब्द खोटा नव्हता. तरी दहाव्या मिनिटाला त्यांनी माझा बायोडाटा मिटून बाजूला ठेवला, तो मला अजून दिसतो. आज मी स्वतः टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, तेव्हा त्यांची अडचण कळते. समोरची बाई खरं बोलते की भांडकुदळ आहे, हे वीस मिनिटांत ओळखायला त्यांच्याकडे काही साधन नव्हतं.

दुसरी मुलाखत होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत. तिथले मॅनेजर भले गृहस्थ. बायोडाटावर आधीच्या मालकांचा नंबर होता, मीच घातलेला. लपवलं असं कुणी म्हणू नये म्हणून. ते म्हणाले, "थांबा, आत्ताच विचारून टाकू." आणि फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. मी समोरच बसलेली. पलीकडून ओळखीचा आवाज आला, कन्नडमध्ये. "केलसा छलो माडतार्री, आद्र..." काम चांगलं करते हो, पण... आणि मग काहीच नाही. मागे ग्राइंडिंगचा आवाज येत होता, तेवढाच. थोड्या वेळाने एक सुस्कारा, आणि "नीव नोड्री." तुम्हीच बघा.

कन्नड मी त्याच ऑफिसात बसून शिकले होते, म्हणून तो "आद्र" मला पुरता कळला. माझ्यावर एकही आरोप झाला नव्हता. चोरी केली म्हणाले असते, तर मी पुरावा मागितला असता. हिशेब चुकवला म्हणाले असते, तर सात वर्षांचे ताळेबंद काढून दाखवले असते. "पण"च्या पुढे जी जागा मोकळी सोडली, तिला मी काय उत्तर देणार? मॅनेजरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि "कळवतो" म्हणाले. बाहेर पडून मी बसस्टॉपवर उभी राहिले, तर तीन बस गेल्या तरी माझ्या लक्षात आलं नाही.

आपल्या बेळगावात हे दुखणं जास्त लागतं, कारण इथला धंदा मोठा असला तरी माणसं थोडी. उद्यमबाग, मच्छे, होनगा, ऑटोनगर, सगळीकडे तेच भंगारवाले, तेच वाळूवाले, तेच पॅटर्न करणारे, तेच गाडीवाले. एका शेडमध्ये सकाळी बोललेलं दुसऱ्या शेडमध्ये दुपारच्या चहाला पोचतं. कोल्हापूरचे कारखाने शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पण गिऱ्हाईक आणि मालक तिथेही एकमेकांना ओळखतात. पुण्या-बेंगळुरातल्या मोठ्या कंपन्यांत म्हणे मजकूर ठरलेला असतो, तारखा आणि हुद्दा सांगून फोन ठेवतात. इथं मालक मालकाला मोबाइलवर विचारतो, आणि ज्याच्याबद्दल विचारलं त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या नशिबाने मी समोर होते. बाकीच्यांना फक्त "कळवतो" ऐकू येतं, आणि आपल्यातच काही खोट आहे असं वाटून ती पोरं खचतात.

आमच्या जुन्या सीएंच्या ऑफिसातल्या एका सीनियर बाईंनी मला वाट दाखवली. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तुझं काम कुणी पाहिलंय?" मी म्हटलं, मालकांनी. त्या म्हणाल्या, "मालकांनी पगार दिला. काम कुणी पाहिलंय?"

मग मी वही घेऊन बसले. माझ्या हातची खाती पाच वर्षं दर महिन्याला ताडून बघणारे कोल्हापूरच्या एका गिऱ्हाईक कंपनीचे पर्चेस ऑफिसर होते. ऑडिटच्या वेळी माझ्या व्हाउचरचा कागदन् कागद उलटणाऱ्या याच बाई होत्या. आणि डिस्पॅचचे रिटायर झालेले सुपरवायझर होते, त्यांना मी मामा म्हणते. तिघांना मी स्वतः जाऊन भेटले. कोणत्या कामासाठी अर्ज करते आहे, कुणाचा फोन येईल, काय विचारतील, हे सांगितलं आणि नाव घालू का म्हणून परवानगी मागितली. न विचारता कुणाचं नाव घालू नये. बेसावध माणूस चाचरतो, आणि ते चाचरणं फोनवर वाईट ऐकू येतं.

मामा आधी नको म्हणाले. "अगं, मला इंग्लिशमधून विचारलं तर काय सांगू मी?" मी म्हटलं, "मराठीत सांगा मामा, नाहीतर कन्नडमध्ये. बघितलंय तेवढंच सांगा." आणि पुढच्या मुलाखतीच्या वेळी त्यांना फोन आला, तेव्हा मामांनी मला बेस्ट, हुशार, प्रामाणिक असं काही म्हटलंच नाही. त्यांनी ऑगस्ट 2019 चा महापूर सांगितला. कोल्हापूरजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा आमच्या कास्टिंगच्या दोन गाड्या निपाणीच्या अलीकडे अडकल्या. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन कागदाची, मुदत संपत आली होती, ऑफिसात लाइट जात-येत होती. मी ड्रायव्हरांना फोन करकरून गाडी नेमकी कुठं उभी आहे ते विचारत होते आणि मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप लावून दोन्ही बिलांची मुदत वाढवत होते. ड्रायव्हर उपाशी आहेत कळल्यावर निपाणीतल्या माझ्या मावसभावाकरवी भाकरी पाठवल्या. ही भाकरीची गोष्ट मी विसरून गेले होते. मामांच्या लक्षात होती. मुलाखत घेणाऱ्यांनी मला नंतर सांगितलं, की त्या एका फोनवर आमचं ठरलं.

त्याच मुलाखतीत नोकरी का सोडली हा प्रश्न आलाच. या वेळी मी दोन वाक्यं ठरवून गेले होते. "सात वर्षं काम केलं. शेवटची दोन वर्षं रात्री-बेरात्रीच्या फोनांमुळे घर आणि तब्येत सांभाळता येईना, म्हणून सोडलं." आणि त्यांनी विचारायच्या आधीच पुढचं सांगून टाकलं, "जुन्या मालकांकडून माझ्याबद्दल चांगलं ऐकायला मिळणार नाही, आमचं जाताना बिनसलं. त्यांना फोन करायचा तर जरूर करा, पण या तिघांनाही करा आणि हे कागद बघा." खोटं काही सांगितलं नाही, रडगाणंही गायलं नाही. ते म्हणाले, "आधी सांगितलंत ते बरं केलंत."

कागदांबद्दल तरुण पोरांना कळकळीने सांगते. मालकाच्या पत्रावाचूनही नोकरी सिद्ध होते. पीएफ असेल तर यूएएन नंबरवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, कोणत्या ठिकाणी कधीपासून कधीपर्यंत होता ते सगळं दिसतं. माझ्या मालकांनी पीएफमध्ये सोडल्याची तारीखच भरली नव्हती, नव्या ठिकाणी त्यावरून अडलं. ती तारीख आपण स्वतः आधारच्या ओटीपीवर भरू शकतो, शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी; मी तशीच भरली. फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला), पगाराच्या स्लिपा, पगार जमा झालेलं बँक पासबुक, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, नेमणुकीचं पत्र, हे सगळं नोकरीत असतानाच घरी आणून ठेवा. लहान शेडमध्ये पगार रोखीने देतात, तिथं निदान खात्यावर जमा करा म्हणून हट्ट धरा. मूळ मार्क्स कार्ड कुणालाही ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत घ्या. माझं परत मिळवायला मला तीन हेलपाटे घालावे लागले.

एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. अडलेली पोरं झेरॉक्सच्या दुकानात खोटं लेटरहेड छापून घेतात, मित्राचा नंबर "एचआर" म्हणून घालतात. असा एक मुलगा माझ्या बघण्यात आहे. तीन महिने काम केल्यावर पीएफच्या तारखा जुळेनात, आणि गेला. काम त्याला खरंच येत होतं. जुन्या मालकाचा राग आला म्हणून स्वतःचं खरं काम खोट्या कागदाखाली पुरू नका रे.

धमक्यांबद्दलही थोडं. "ग्रॅच्युइटी मागू नकोस, चांगलं लेटर देतो," असं मला मध्यस्थाकडून सांगण्यात आलं होतं. पाच वर्षं पुरी झाली की ग्रॅच्युइटी कायद्याने मिळते (माझ्या वेळी 1972 चा कायदा होता), दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि तिचा लेटरशी काही संबंध नाही. मी लेखी अर्ज दिला. चार महिने लागले, पण रक्कम आली. दुसरी धमकी नेमणुकीच्या पत्रात होती, नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यात काम करायचं नाही. एका वकीलबाईंना दाखवलं, तर त्यांनी 1872 च्या करार कायद्यातलं 27 वं कलम काढून दाखवलं; नोकरी संपल्यावर माणसाला पोटाचा धंदा करू न देणारी अशी अट टिकत नाही. त्या कागदाच्या भीतीने मी सहा महिने घरात बसले होते.

आता कारखानदारांना विनंती. मी तुमच्याच ऑफिसांत आयुष्य काढलेली बाई आहे, तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. ऐन डिस्पॅचच्या वेळी माणूस सोडून गेला की किती चिडायला होतं ते मी पाहिलं आहे. सोडून गेलेल्याचं कौतुक करा असं कोणताही कायदा तुम्हाला सांगत नाही, मीही सांगत नाही. पण नवे कामगार कायदे नोव्हेंबर 2025 पासून लागू झाले. त्यांत नेमणुकीचं पत्र द्यायला सांगितलं आहे, आणि राजीनामा दिलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा असंही सांगितलं आहे. मोठ्या कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या नियमावलीत, कायम कामगारासाठी सेवेच्या दाखल्याचं कलम असतं. आपल्या लहान ऑफिसांत मात्र येतानाचं पत्र कायद्याने बांधलं, तरी जातानाचं पत्र अजून मालकाच्या त्या दिवशीच्या मूडवर अवलंबून आहे.

म्हणून म्हणते, तीन ओळींचा कागद शेवटच्या दिवशी, माणूस गेटबाहेर पडायच्या आधी द्या. नाव, हुद्दा, तारखा. त्यात स्तुती नको आणि खोडाखोडही नको. उद्यमबागेतल्या, मच्छेतल्या उद्योजकांच्या संघटना एवढा एक नमुना ठरवून आपल्या सभासदांना देऊ शकतात. एका पानाचं काम आहे. आणि नवा माणूस घेताना जुन्या ठिकाणी फोन करायचा असेल, तर आधी त्याला विचारा. तो अजून तिथंच नोकरीत असेल, तर तुमच्या एका फोनने त्याची असलेलीही जाते. पलीकडून कुणी "पण" म्हणून गप्प बसला, तर फोन ठेवू नका. "पण काय?" असं विचारा. सांगण्यासारखं असेल तर तो सांगेल, आणि नसेल तर तेही तुम्हाला कळेल. होनग्याच्या त्या भल्या मॅनेजरांनी हे दोन शब्द विचारले असते, तर माझे पुढचे आठ महिने वेगळे गेले असते.

गल्लीतल्या त्या मुलीच्या फॉर्मवर आम्ही दोन नावं घातली. एक तिच्या काउंटरवर रात्रपाळीला असलेल्या सिस्टरबाईंचं, दुसरं तिला कॉलेजात अकाउंटन्सी शिकवणाऱ्या मॅडमचं. साहेबांचं नाव घातलं नाही. विचारलंच तर काय सांगायचं, ती दोन वाक्यं तिने माझ्यासमोर पाच-सहा वेळा म्हणून बघितली. पहिल्यांदा आवाज कापत होता, शेवटी नीट आला. निकाल अजून यायचा आहे.

मी आता मच्छेच्या एका मशीन शॉपमध्ये अकाउंट्स बघते. खानापूर रोडने जाताना रोज जुनं गेट लागतं. म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती. आमच्या मशीन शॉपमधून सोडून जाणाऱ्यांची पत्रं मीच टाइप करते. गेल्या महिन्यात टर्निंगवरचा एक मुलगा पुण्याला जायचा म्हणून सोडून गेला. दुपारी चारला मालकांची सही घेऊन कागद त्याच्या हातात दिला. शेवटची ओळ मालकांनीच सांगितली होती, की हा मुलगा जॉब, म्हणजे तयार केलेला भाग, पुढे देण्याआधी गेजने मोजून दोनदा तपासायचा. तो दारात उभं राहून वाचत होता. मग त्याने वर बघून विचारलं, "बाई, हे आत्ताच नेऊ काय?"

नेऊ काय म्हणून काय विचारतोस, म्हटलं. तुझंच आहे.

आपली नम्र वाचक,
वडगाव, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे)